इंदूर ते हॅवलॉक, विमानाशिवाय : थकवा नेमका कुठे लागतो

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू आणि तुझी मावसबहीण, दोघी तेवीस-चोवीसच्या. इंदूरच्या राजेंद्रनगरमधून पाठीवर सॅक टाकून निघणार, रेल्वेने चेन्नई, तिथून जहाजाने अंदमान आणि शेवटी तिथलं हॅवलॉक बेट. विमान नको. हातात फेब्रुवारीतली १६ दिवसांची सुट्टी. बाबा म्हणतात, ‘एका दिवसाचं काम आठ दिवस का करायचं?’ आणि आजी विचारते, ‘बोटीत बायकांची सोय असते का?’ तुला जाणून घ्यायचंय ते एवढंच, की हे झेपेल का, आणि बेटावर पोचेपर्यंत अंगात काही त्राण उरेल का.

झेपेल. पण तू लिहिलेल्या क्रमाने नाही. तू आधी रेल्वेचं रिझर्वेशन करणार आहेस, मग हॅवलॉकची खोली, आणि जहाजाचं ‘चेन्नईला गेल्यावर बघू’. हा क्रम नेमका उलटा कर. या सगळ्या प्रवासात एकच गोष्ट तुझ्या हातात नाही, ती म्हणजे जहाजाची तारीख. बाकी सगळं तिच्या मागेपुढे बसवायचं असतं.

मी बरीच वर्षं इंदुरातून लहान गट घेऊन असे लांबचे, जमिनीवरचे आणि पाण्यावरचे प्रवास करते. त्यातून माझं पक्कं झालेलं मत सांगते: लांबच्या प्रवासात माणूस चालत्या गाडीत थकत नाही, प्रवासाच्या सांध्यांवर, म्हणजे एक वाहन सोडून दुसरं धरताना थकतो. रेल्वेचा बर्थ म्हणजे शेवटी अंथरूणच. जहाजाचा बंकही तेच. अंग मोडतं ते पहाटे चारला थंडीत फलाटावर गाडीची वाट बघताना, सॅक पाठीवर घेऊन रिक्षावाल्याशी घासाघीस करताना, बंदराच्या रांगेत उन्हात उभं राहताना, आणि ‘पुढचं मिळेल की नाही’ या काळजीत अर्धवट झोपताना. म्हणून किलोमीटर मोजू नकोस, सांधे मोज. तुझ्या आखणीत इंदूर ते भोपाळ बस, भोपाळहून गाडी, चेन्नईत लॉज, लॉज ते बंदर, जहाज, अंदमानात उतरल्यावर दुसरी जेट्टी, तिथून फेरी, आणि हॅवलॉकच्या जेट्टीवरून खोली, असे सांधे आहेत. त्यातले जेवढे कमी करता येतील तेवढे कर. उरलेल्यांतल्या दर दोन मोठ्या सांध्यांच्या मधे एक रात्र न हलणाऱ्या पलंगावर काढ. माझी सगळी आखणी याच एका नियमावर चालते.

आता दिवसांचा हिशोब. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर समुद्रमार्गे सुमारे ११९० किलोमीटर, आणि जहाजाला साधारण ६० तास लागतात. म्हणजे ताशी वीस किलोमीटर, सायकलचा वेग. इंदुरातून निघाल्यापासून चेन्नईत पाय टेकेपर्यंत दीड-दोन दिवस. चेन्नईत जहाजाच्या आधी दोन रात्री राखीव. मग जहाज. पोर्ट ब्लेअरला एक रात्र. असं करत हॅवलॉकला पोचशील तेव्हा आठवा-नववा दिवस उजाडलेला असेल. परत त्याच वाटेने यायचं म्हटलं तर बेटावर टेकायलाही मिळणार नाही. शिवाय चेन्नईहून महिन्याला तीन-चारच फेऱ्या असतात, त्यामुळे तुला हवं तेव्हा परतीचं जहाज असेलच असं नाही.

म्हणून माझा सल्ला: जाताना जहाज, येताना पोर्ट ब्लेअर ते चेन्नई विमान, आणि पुढे रेल्वे. चौदाव्या दिवशी सकाळच्या विमानाने चेन्नई, त्याच दिवशी रात्रीची गाडी, सोळाव्या दिवशी घर. त्यात हॅवलॉकला चार रात्री निवांत मिळतात. विमान तत्त्व म्हणूनच नको असेल तर मान्य, पण मग सुट्टी पंचवीस दिवसांची काढ. सोळा दिवसांत दोन्हीकडून जहाज बसवणारे लोक बेट बघत नाहीत, वेळापत्रक बघतात.

आणि पैसे वाचतील म्हणून जहाजाने जाऊ नकोस. बंकचं, म्हणजे जहाजातल्या सर्वांत साध्या वर्गाचं, भाडं विमानापेक्षा कमी असतं हे खरं, पण चेन्नईतल्या दोन-तीन रात्री, तिथलं खाणं-फिरणं आणि जास्तीची सुट्टी धरली तर फरक फारसा उरत नाही. बेटवासीयांना भाड्यात सवलत असते, ती आपल्याला नाही. जायचं तर समुद्र ओलांडून जायची हौस आहे म्हणून जायचं.

जहाज कुठून पकडायचं? मुख्य भूमीवरून अंदमानला तीन बंदरांतून जहाजं सुटतात: चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम. विशाखापट्टणमहून महिन्याला जेमतेम एक फेरी, तिचा विचार सोड. कोलकात्याला इंदुरातून थेट शिप्रा एक्स्प्रेस जाते, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना तो रस्ता सोपा वाटतो. पण तिथून अंतर १२५५ किलोमीटर, शिवाय जहाज आधी गोदीच्या दरवाज्यातून आणि मग हुगळी नदीतून भरती-ओहोटी सांभाळत बाहेर काढावं लागतं. ६६ तास धरतात. नदीतून समुद्रात जाणं बघायला फार छान आहे, पण पहिल्यांदा जाणारीने चेन्नईच धरावी.

जहाजांची नावं ऐकशील ती ‘नानकौरी’, ‘निकोबार’, ‘स्वराज द्वीप’, ‘कॅम्पबेल बे’. यातलं ‘स्वराज द्वीप’ हे जहाजही आहे आणि २०१८ च्या डिसेंबरपासून हॅवलॉकचं अधिकृत नावही तेच आहे. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये ‘श्री विजयपुरम’ झालं. तिकिटावर, वेळापत्रकावर नवी नावं, लोकांच्या तोंडात जुनी. फॉर्म भरताना घोटाळा होतो, म्हणून आधीच सांगून ठेवते. मी इथे जुनीच वापरतेय, कारण तूही तीच वापरली आहेस.

तारखांची खरी गोची ही, की रेल्वेचं रिझर्वेशन नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं आणि जहाजाची पक्की तारीख त्यापेक्षा बऱ्याच उशिरा कळते. अंदाजे वेळापत्रक लागतं, ते बदलतं, कधी हवामानामुळे, कधी जहाज दुरुस्तीला गेल्यामुळे. यावर उपाय एकच: अंदाजे तारीख दिसली की त्याआधी तीन-चार दिवसांच्या दोन वेगवेगळ्या तारखांची रेल्वे तिकिटं काढून ठेव, आणि जहाज पक्कं झालं की नको असलेलं रद्द कर. रद्द करायचे थोडे पैसे जातात. ते या प्रवासाचा खर्चच समज. हॅवलॉकची खोली मात्र जहाजाचं तिकीट हातात पडेपर्यंत आगाऊ पैसे भरून घेऊ नकोस. जहाजाचं तिकीट ऑनलाइन निघतं, नाहीतर चेन्नईत राजाजी सालैवरच्या शिपिंग कॉर्पोरेशनच्या कचेरीत. मूळ ओळखपत्र आणि त्याच्या चार-पाच झेरॉक्स जवळ असू देत.

इंदूर ते चेन्नई. थेट जायचं तर अहिल्यानगरी एक्स्प्रेस आहे. ती पुढे केरळात जाते, पण आठवड्यातून एकदाच. तिची तारीख जहाजाशी जुळली तर डोळे मिटून ती घे, कारण एक सांधा वाचतो. नाही जुळली तर भोपाळ. दिल्लीहून येणारी तमिळनाडू एक्स्प्रेस पहाटे भोपाळला येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई सेंट्रलला सोडते. इथेच लोक चूक करतात: इंदूरच्या सरवटे बसस्टँडवरून रात्री अकराची बस, अडीच-तीनला भोपाळ, आणि मग फलाटावर कुडकुडत दोन तास. प्रवासाच्या पहिल्याच रात्रीची झोप गेली की पुढचे चार दिवस ती भरून निघत नाही. त्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारी भोपाळला जा, कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे, नाहीतर स्टेशनजवळ स्वच्छ खोली घेऊन नऊला झोपा. इंदुरातल्या मराठी घराचं भोपाळमध्ये कुणीच नाही, असं मी अजून पाहिलेलं नाही. (इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे. तो झाला की आपली दक्षिणेची वाट बदलेल, पण तुझ्या फेब्रुवारीला त्याचा उपयोग नाही.)

गाडीत एसीचा थ्री टियर घे असं मी सांगते. मिजास म्हणून नाही. स्लीपरमध्ये नागपूर-बल्लारशाच्या पुढे दुपारी गरम हवा लागते आणि रात्री गर्दी चढते, झोप तुटते. दोन रात्रींतली एक जरी चांगली लागली तरी ते पैसे वसूल. खायला पहिल्या दिवसाच्या तिखटमिठाच्या पुऱ्या, दुसऱ्या दिवसासाठी दशम्या आणि लसणाची कोरडी चटणी. सेव नेशीलच, मी नको म्हणून काय उपयोग. पण ती रेल्वेतच संपव, जहाजावर तेलकट-तिखट नको. का ते पुढे सांगते.

चेन्नईतल्या दोन रात्रींबद्दल फार सांगत नाही. एग्मोर किंवा ट्रिप्लिकेनला साधे लॉज मिळतात, तिथून बंदर जवळ. पहिला दिवस झोप आणि कपडे धुणं. दुसरा दिवस जहाजाच्या वेळेची खातरजमा आणि संध्याकाळी मरीना. इंदूरच्या फेब्रुवारीतून गेल्यावर तिथला दमटपणा अंगावर येतो. दोन दिवसांत शरीर सरावतं, हाही त्या राखीव दिवसांचा फायदा. जहाज एक दिवस पुढे ढकललं गेलं तरी तुम्ही हवालदिल होणार नाही.

आता बंदर. सकाळी सांगितलेल्या वेळेला पोचायचं, आणि ती वेळ जहाज सुटायच्या कितीतरी तास आधीची असते. सामानाची तपासणी, ओळखपत्रं, रांग, मग बंदराच्या आतून धक्क्यापर्यंत. बरोबरचे लोक पर्यटक नसतात. बेटांवर राहणारी कुटुंबं, कामाला जाणारे मजूर, सुट्टीवरून परतणारे शिपाई, उपचारासाठी मुख्य भूमीवर येऊन गेलेले म्हातारे-म्हाताऱ्या. त्यांच्याकडे टीव्हीची खोकी, पंखे, तांदळाच्या गोण्या. जहाजाचा जिना उभा आणि अरुंद असतो, सॅक पाठीवर असेल तर तोल मागे जातो. छातीचा आणि कमरेचा पट्टा दोन्ही आवळूनच चढा. या रांगेत पाणी, टोपी आणि खायला काहीतरी हाताशी हवं. सगळ्या प्रवासातला सर्वांत थकवणारा सांधा हाच. त्याच्या आदल्या रात्री मरीनावर उशिरापर्यंत हिंडत बसू नका.

बंक म्हणजे जहाजाच्या पोटातलं मोठं दालन, त्यात खालीवर बंकांच्या रांगा, रेक्झिनची गादी, आणि शेकडो माणसं. मोठ्या जहाजांत हजाराच्या वर प्रवासी मावतात. चादर, उशीला हवेची पिशवी, पातळ शाल तुमची तुम्ही न्यायची. खाली हवा कोंदट वाटते, दिवे बऱ्याचदा रात्रभर चालू असतात, म्हणून डोळ्यांवर बांधायला ओढणी आणि कानात घालायला बोळे ठेव. चार्जिंगची जागा कमी आणि भांडणं जास्त, तेव्हा पॉवर बँक भरून ने. सॅकला साखळी आणि कुलूप लाव. चोऱ्या फार होतात म्हणून नाही, तर कुलूप लावलं की निर्धास्तपणे डेकवर जाता येतं, म्हणून. संडास पहिल्या दिवशी ठीक, तिसऱ्या दिवशी सहन करण्यापुरते. पहाटे पाचच्या आधी आवरून घ्यायचं, तेव्हा धुतलेले असतात आणि रांग नसते. स्वतःचा मग, रबरी चपला, साबण, कागद. पाळी त्याच दिवसांत येणार असेल तर पॅड आणि कागदी पिशव्या जास्तीच्या ने. वापरलेलं कमोडमध्ये टाकायचं नाही, तुंबलं की सगळ्या दालनाला शिक्षा होते.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर: बंकमध्ये बायकांचं वेगळं दालन असेलच असं धरून चालू नका. पण तिकीट काढताना आणि जहाजावर चढल्यावरही ‘आम्ही दोघीच आहोत, कुटुंबांजवळ जागा द्या’ असं स्पष्ट सांगायचं. बहुतेक वेळा ऐकतात. नाही ऐकलं तर शेजारच्या बाईशी बोलायचं. तिला तिच्या मुलाला वरच्या बंकवर हलवणं दोन मिनिटांचं काम असतं, आणि एकदा का ती तुमची ‘दीदी’ झाली की तीन दिवस तुमच्याकडे कुणी वाकड्या नजरेने बघणार नाही. बेटांवर मल्याळी, तमिळ, तेलुगू, बंगाली, झारखंडी सगळे आहेत आणि सगळ्यांची बाजारातली भाषा हिंदी. आपल्या इंदुरी हिंदीचा इथे भरपूर उपयोग होतो. सेकंड क्लासची केबिन परवडत असेल आणि मिळत असेल तर पहिल्या खेपेला तीच घ्या असं मी म्हणेन. सुरक्षिततेपेक्षा झोप आणि संडास ही त्याची कारणं. त्यातही एक उलट गंमत आहे, ती हलण्याची.

जहाज सर्वांत कमी हलतं ते मधोमध आणि खालच्या बाजूला. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर झोके मोठे. म्हणजे महागड्या केबिनवाल्यांना कधीकधी बंकवाल्यांपेक्षा जास्त त्रास होतो. बोट लागते त्याचं कारण पोट नसतं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो की आपण हलतोय, डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, आणि या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. म्हणून खाली बसून मोबाइलवर सिनेमा बघणं हा त्रास ओढवून घ्यायचा हमखास मार्ग. उपाय सोपे आहेत. डेकवर जा, क्षितिजाकडे बघ. ते जमत नसेल तर आडवी हो आणि डोळे मीट. पोट रिकामं ठेवू नकोस आणि भरगच्चही नको: लाह्या, खाकरा, सुकी पोळी, केळं, आलेपाकाची वडी. तुझी सेव इथे नको म्हटलं ते यासाठी. अॅव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते, एकदा उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही. तिने गुंगी येते, आणि काहींना ती चालत नाही, म्हणून निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि इंदुरातच एकदा घेऊन बघा. फेब्रुवारी निवडलास ते उत्तम. त्या सुमारास बंगालचा उपसागर बऱ्यापैकी शांत असतो. हाच प्रवास ऑक्टोबर-नोव्हेंबरात, चक्रीवादळांच्या दिवसांत, मी कुणाला सुचवत नाही.

पहिल्या संध्याकाळी सगळे डेकवर असतात. काही तासांत फोनची रेंज जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मे लोक आडवे. दुपारपासून हळूहळू माणसं उठतात, पत्ते निघतात, कुणीतरी भजन धरतं, पोरं धावायला लागतात. तोवर किनारा कुठल्याच बाजूला नसतो. पाण्यातून उडते मासे निघतात, बरंच अंतर हवेत जाऊन परत पाण्यात शिरतात. नशीब असेल तर डॉल्फिन. कॅन्टीनमध्ये भात, डाळ, पोळी-भाजी वेळेवर मिळतं आणि वेळ चुकली तर मिळत नाही. चहासाठी सुटे पैसे ठेव. आणि काही करायचं नाही. तुझ्या वयाच्या मुलींना हाच भाग सर्वांत जड जातो, कारण फोन नाही, बघायला नवं ठिकाण नाही, ‘आज काय केलं’ याला उत्तर नाही. एक वही ने, एक जाडसर पुस्तक ने, विणकाम येत असेल तर ते ने. रात्री डेकवर जाऊ देत असतील तर जा, पण दोघी मिळून, आणि कठड्यावर बसून फोटो काढायचा नाही. हे मी प्रत्येक गटाला सांगते आणि प्रत्येक गटात एक जण असतोच.

पोर्ट ब्लेअरला जहाज हॅडो धक्क्याला लागतं. हॅवलॉकची सरकारी फेरी सुटते फिनिक्स बे जेट्टीवरून. दोन्ही जागा वेगळ्या, मधे रिक्षा. जहाज सकाळी लागणार म्हणून त्याच दुपारची फेरी काढून ठेवणारे लोक मी कितीतरी पाहिलेत. जहाजाला उशीर झाला की फेरी गेली, खोली गेली, आणि रडकुंडीला आलेली माणसं. तुम्ही त्या दिवशी काहीही आखू नका. उतरल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, अंघोळ करताना भिंतीला हात लावावा लागतो. घाबरू नका, आपोआप जातं. एक रात्र पोर्ट ब्लेअरला झोपा, दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्युलर जेल बघा. तसंही सावरकरांची कोठडी न बघता परत आलीस तर आजी घरात घेणार नाही. तुरुंग १९०६ मध्ये पुरा झाला, मूळच्या सात इमारतींपैकी तीन उभ्या आहेत, मधल्या मनोऱ्यावर चढलं की रचना लक्षात येते. मग दुपारची फेरी. सरकारी फेरी अडीच तासांच्या आसपास, खाजगी कॅटामरान त्याहून लवकर पोचवतात पण महाग, आणि त्यांत बंद काचेआड बसावं लागतं. जहाजाला सरावलेल्या पोटाला सरकारी फेरी काहीच वाटत नाही.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, ती सूर्याची. घड्याळ तिथेही आपलंच, पण पोर्ट ब्लेअर इंदूरच्या सुमारे सतरा रेखांश पूर्वेला आहे, म्हणजे सूर्य तासाभराहून थोडा जास्तच पुढे चालतो. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास तिथे सूर्य मावळतो. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा म्हणून इंदूरच्या सवयीने साडेपाचला खोलीतून निघालीस तर अंधारात पोचशील. उलट सकाळी सहाला उजेड असतो, तेव्हा सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री एकपर्यंत खाण्याची सवय चार दिवस विसर आणि पहाटे ऊठ. कर्कवृत्त आपल्या उज्जैनच्या उत्तरेकडून जातं, म्हणजे कागदावर इंदूरही उष्ण कटिबंधातच. पण हवेत इतकं पाणी असलं की चालताना किती घाम जातो याचा अंदाज येत नाही. शहाळं, मीठ-साखरेचं पाणी, आणि दुपारी बारा ते तीन सावली.

हॅवलॉकवर विजयनगरच्या बाजूला साध्या झोपड्यांपासून सगळ्या खोल्या आहेत. गावात बहुतेक पूर्व बंगालातून येऊन वसलेली कुटुंबं, त्यामुळे बाजारात मासे-भात आणि दह्याचं चांगलं मिळतं. सायकल किंवा स्कूटी भाड्याने घ्या. मगरींच्या पाट्या लावलेल्या ठिकाणी पाण्यात उतरायचं नाही, त्या पाट्या शोभेच्या नाहीत. शंख-प्रवाळ उचलून आणायचे नाहीत. बाराटांग बेटाकडे जायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ताफ्याने सोडतात आणि फोटो काढायला बंदी आहे. मी स्वतः गटांना तिकडे नेत नाही.

आता परतीच्या विमानामुळे एक काळजी वाढते. हॅवलॉकला जाऊन तू स्कूबा करणारच. पाण्याखाली श्वास घेताना रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. त्याआधी विमानातल्या कमी दाबात गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात आणि ते गंभीर दुखणं आहे. एकदाच बुडी मारली तर किमान १२ तास, एकाहून जास्त वेळा मारल्या तर १८ तास विमान नाही. मी सरळ २४ तास धरते. म्हणजे डायव्हिंग हॅवलॉकच्या पहिल्या दोन दिवसांत उरकायचं, शेवटच्या दिवसासाठी ठेवायचं नाही. सर्दी झालेली असेल किंवा मळमळीची गोळी घेतली असेल तर शिकवणाऱ्याला आधी सांगायचं.

सॅकचं. तू साठ लिटरची विकत घ्यायची म्हणतेस, ती नको. चाळीस लिटर पुरते, आणि भरल्यावर आठ किलोच्या आत बसली पाहिजे. मोठी घेतली की ती भरतेच. वजन खांद्यांवर नाही, कमरेच्या पट्ट्यावर यायला हवं. दुकानात रिकामी नाही, भरून घालून बघ. सगळे कपडे आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत. फेरीच्या डेकवर पाणी उडतं आणि दमट हवेत एकदा भिजलेला टॉवेल वाळत नाही. जीन्स अजिबात नको. एक शाल मात्र हवी, कारण फेब्रुवारीत भोपाळची पहाट थंड असते. निघण्याआधी दोन रविवार भरलेली सॅक घेऊन रालामंडलची टेकडी किंवा जानापाव चढून या. तिथे जे टोचतं, दुखतं, जास्तीचं वाटतं, ते घरी काढून ठेवायला तेव्हा वेळ असतो.

बाबांना एवढंच आधी सांग, की जहाज सुटल्यावर जवळजवळ तीन दिवस फोन लागणार नाही, आणि ते ठरलेलंच आहे. जहाजाचं नाव, सुटायची तारीख आणि पोचायचा अंदाजे दिवस कागदावर लिहून फ्रिजला लावून जा, आणि पोचायच्या दिवसात आणखी एक दिवस मिळव, म्हणजे उशीर झाला तरी घरात धावपळ नको. पोर्ट ब्लेअरला २०२० पासून चेन्नईहून समुद्राखालून केबल गेली आहे, तिथून व्हिडिओ कॉलही नीट लागतो. जानेवारीच्या सुरुवातीला फेब्रुवारीच्या जहाजांचं अंदाजे वेळापत्रक बघ, दिसलं की मला तारखा कळव. अहिल्यानगरी जुळते की भोपाळने जायचं, ते तेव्हा बसून ठरवू.